तुमचे प्रश्न : गट, तट आणि पक्ष

नगरपालिका-झेडपीच्या निवडणुका जवळ आल्या की या सदराचं टपाल बदलतं. एरवी वारसनोंदी आणि शेताच्या बांधाचे प्रश्न असतात. या महिन्यात बहुतेक पत्रं पक्षांतल्या भांडणांवर आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ना पुढारी ना प्राध्यापक. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, एका मोठ्या पक्षाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून माझी नोकरीची वर्षं गेली. पक्षात गट दोन होते, टाइपरायटर एक होता. बाकी जे सांगते ते वाचनातलं.

प्रश्न : ताई, मी तालुका पातळीवरचा कार्यकर्ता आहे. आमच्याकडे दोन गट, आणि दोघंही म्हणतात की मूळ विचार आमच्याकडेच. भाषणं ऐकली की मला दोघांचंही पटतं. खरा विचाराचा गट कुठला, हे ओळखायचं कसं?
— एक कार्यकर्ता, औसा

भाषणांवरून ओळखायला जाल तर जन्मभर दोघांचंही पटत राहील, कारण भाषण एकच असतं. एका नगरपालिका निवडणुकीच्या वेळी सकाळी सकाळी अध्यक्षांच्या गटाचे चिटणीस उमेदवारांची यादी घेऊन आले. ‘बाई, प्रदेशला पाठवायचीय. तीन प्रती काढा, कार्बन नवा घाला.’ संध्याकाळी दिवेलागणीला दुसऱ्या गटाचे सरचिटणीस आले. त्यांचीही यादी, त्यांनाही तीनच प्रती. जाताना दोघांनीही ‘कुठं बोलू नका’ म्हणून बजावलं. सोबतचं पत्र मात्र कुणीच लिहून आणलं नव्हतं. ‘ते नेहमीचं घाला,’ दोघंही म्हणाले. नेहमीचं म्हणजे ‘पक्षाच्या ध्येयधोरणांवर अढळ निष्ठा असलेले, तळागाळातील जनतेशी नाळ जोडलेले’ वगैरे. ते मला तोंडपाठ होतं, दोन्ही पत्रांना घातलं. याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर बहुतेक नावं तीच. फरक होता बाजारपेठेतल्या दोन वॉर्डांत, स्टेशनपलीकडच्या एका वॉर्डात आणि नगराध्यक्षाच्या नावात. बाजारपेठेच्या वॉर्डांमागे मार्केट यार्डातल्या गाळ्यांचं प्रकरण आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पत्रात गाळ्यातला ‘ग’सुद्धा नव्हता.

तेव्हा दोन्ही नेत्यांना एकेकटं गाठा आणि एवढंच विचारा : तुमचा त्यांच्याशी मतभेद नेमका कुठल्या निर्णयावर आहे? उत्तरात ऊसदर आला, आरक्षण आलं, धरणाचं पाणी आधी कुणाला हे आलं, अमक्या पक्षाशी युती करायची की नाही हे आलं, तर तिथे विचाराचा काही अंश आहे. ‘अहो, त्यांचा स्वभावच तसला’ आणि ‘आम्हाला विश्वासात घेत नाहीत’ एवढंच आलं, तर समजून जा.

पण म्हणून विचाराचा वाद सोवळ्यातला आणि गटाचा वाद ओवळ्यातला, अशी वाटणी करू नका. काँग्रेसच्या सुरत अधिवेशनाचंच घ्या. जहाल-मवाळांचा वाद विचाराचा होता याबद्दल शंका नाही. १९०६ साली कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले. मवाळ मंडळी ते पुढच्या वर्षी पातळ करणार, अशी टिळकांच्या बाजूला धास्ती. आता गंमत पाहा. १९०७ चं अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं. नागपुरात टिळकांचा जोर, म्हणून ते सुरतेला हलवलं. सुरत मुंबई इलाख्यात, आणि ज्या प्रांतात अधिवेशन त्या प्रांतातला अध्यक्ष करायचा नाही हा रिवाज. म्हणजे जागा बदलल्याबरोबर टिळकांचं नाव अध्यक्षपदाच्या बाहेर गेलं. जहालांना लाला लजपतराय हवे होते, झाले रासबिहारी घोष. स्वराज्यासारख्या प्रश्नावरची लढाई, आणि ती लढली गेली अधिवेशनाचं गाव आणि अध्यक्षाची खुर्ची यांवर. आमच्या कचेरीतल्या चिटणिसांना हा डाव सांगितला असता तर त्यांनी मवाळांचे पुढारी फिरोजशहा मेहता यांना मनापासून दाद दिली असती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २७ डिसेंबरला टिळक व्यासपीठावर उभे राहून बोलू देण्याची मागणी करत होते, तेवढ्यात मंडपातून एक जोडा आला. नेव्हिन्सन नावाचे इंग्रज पत्रकार तिथे हजर होते. त्यांनी त्या जोड्याचं वर्णनही करून ठेवलंय : लालसर चामड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून मेहतांवर गेला. मग खुर्च्या आणि काठ्या. दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्या त्या १९१६ साली लखनौला. तोवर गोखले आणि मेहता दोघंही गेले होते.

उलटा प्रकार १९६९ चा. तिथे आधी गट होता, विचार मागून आला. जुलैत बंगलोरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. इंदिराबाईंना ते नको होतं, त्या हरल्या. आपले यशवंतराव चव्हाणही त्या वेळी रेड्डींच्या बाजूने गेले. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखातं काढलं, १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण. उमेदवाराच्या नावावर हरलेली बाई आठवड्याभरात गरिबांच्या बाजूने उभी राहिली, आणि सिंडिकेटवाले, म्हणजे तिच्या विरोधातले पक्षातले जुने वजनदार पुढारी, श्रीमंतांचे ठरले. ऑगस्टमध्ये ‘अंतरात्म्याचा आवाज’ ऐकून मतं पडली, रेड्डी पडले, इंदिराबाईंच्या पसंतीचे व्ही. व्ही. गिरी निवडून आले. याला ढोंग म्हणणारे बरेच भेटतात. मी म्हणत नाही. गटाच्या भांडणापायी का होईना, ज्या गावांनी बँकेची पाटी पाहिली नव्हती तिथे पुढच्या काही वर्षांत शाखा निघाल्या. भांडण नसतं तर तो निर्णय आणखी किती वर्षं फायलीत पडून राहिला असता, देव जाणे.

आणि तिसरा नमुना १९९९ चा. सोनिया गांधींच्या परदेशी मुळाचा मुद्दा घेऊन जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, ऑक्टोबरमध्ये दोन्ही काँग्रेस मिळून महाराष्ट्रात सरकारात बसल्या. मुद्दा चार महिने टिकला. पक्ष टिकला, कारण त्याच्यामागे कारखाने, जिल्हा बँका आणि दूध संघ होते. तुमच्या तालुक्यातले दोन गट या तिन्हींपैकी कुठल्या जातीचे आहेत ते तुम्हीच बघा. माझा अंदाज मी लिहीत नाही, तुम्हाला तिथं राहायचंय.

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वडील राष्ट्र सेवा दलाचे. लहानपणापासून घरात एकच थट्टा ऐकत आले : तीन समाजवादी एकत्र आले की चार पक्ष होतात. इतकी त्यागी, बुद्धिमान माणसं सारखी का फुटत राहिली?
— निवृत्त शिक्षिका, सांगली

थट्टा खरीच आहे, पण ती सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या पक्षात काय चाललेलं असतं ते कधी विचारलंत?

मूळ गोष्ट १९३४ पासून सुरू होते. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, नानासाहेब गोरे अशी तरुण मंडळी एकत्र आली आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथे शिजली. हा पक्ष काँग्रेसच्या आत होता. माणसं काँग्रेसचीच, पण घटना वेगळी, अधिवेशन वेगळं, कार्यक्रम छापील. नेतृत्वाशी त्यांचे खटके उडायचे, ठराव पडायचे, तरी ते आत राहिले आणि बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत लढ्याचा मोठा भार त्यांनीच उचलला. काँग्रेसला त्या चौदा वर्षांत या गटाने दुबळं केलं असं कुणी म्हणणार नाही.

मग १९४८ च्या सुरुवातीला काँग्रेसने नियम केला : ज्याची स्वतःची घटना, सभासदत्व आणि कार्यक्रम आहे अशा दुसऱ्या पक्षाच्या माणसाला काँग्रेसमध्ये राहता येणार नाही. सरदार पटेलांचा त्यासाठी आग्रह होता. मार्चमध्ये नाशिकलाच भरलेल्या अधिवेशनात समाजवादी बाहेर पडले. आपल्याकडे शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेसच्या पोटातच उभा केलेला शेतकरी कामगार पक्षही त्याच वर्षी बाहेर आला.

माझं सगळं म्हणणं या नियमापाशी येऊन थांबतं. त्याने गट बंद झाले नाहीत. ज्या गटाला नाव होतं आणि ज्याने आपला कार्यक्रम छापून दिला होता, तेवढाच बाहेर गेला. ज्यांना ना नाव ना कार्यक्रम, ते आतच राहिले. त्यांना नियम लावणार तरी कसा? ‘अमुकदादांचा गट’ ही काही नोंदणीकृत संस्था नव्हे. त्याची घटना नाही, सभासदांचं रजिस्टर नाही, ठराव नाही. असतो तो वाड्यावरचा चहा आणि निवडणुकीच्या आधी येणारा निरोप. पुढे सगळ्याच पक्षांनी हीच रीत उचलली. उघडपणे ‘आमचा या धोरणाला विरोध आहे’ म्हणणारे पाचजण पत्रक काढतील तर शिस्तभंगाची नोटीस. पन्नास आमदार घेऊन हॉटेलात जाऊन बसणाऱ्याला मात्र मनधरणीचे फोन. नोटिसा मी टाइप केल्यात, म्हणून सांगते : पत्रक काढणाऱ्याच्या नोटिशीला मुदत सात दिवसांची असायची. ज्याच्यामागे आमदार असायचे, त्याच्या नोटिशीचा मसुदा साहेबांच्या खिशातच घड्या पडून झिजायचा.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. बाहेर पडल्यावर समाजवादी का फुटले? बऱ्याच वेळा खरोखर विचारावरून फुटले. १९५२ साली कृपलानींच्या पक्षाशी जुळून प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांच्याच पक्षाचे पट्टम थाणु पिल्ले मुख्यमंत्री असताना पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, माणसं मेली. लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस. ते म्हणाले, सरकारने राजीनामा द्यावा. आपल्याच सरकारचा राजीनामा! देशात तेवढ्या एकाच ठिकाणी पक्षाचा मुख्यमंत्री होता. पक्षाला ते पेलवलं नाही. त्यात काँग्रेसशी किती जवळीक करायची हा अशोक मेहता विरुद्ध मधु लिमये हा वाद पेटलेला. १९५५ मध्ये लोहिया बाहेर गेले आणि नवा समाजवादी पक्ष झाला. १९६४ मध्ये पुन्हा एकी झाली, ‘संयुक्त’ हा शब्द नावात घातला, आणि वर्ष सरता सरता पुन्हा दोन पक्ष. त्या वेळी एस. एम. जोशी एकीकडे राहिले, नानासाहेब गोरे दुसरीकडे. दोघंही पुण्याचे, दोघंही सेवा दलाचे, आणि मैत्री शेवटपर्यंत.

यात मला खटकतं ते एवढंच की ठराव हरल्यावर पुढच्या अधिवेशनापर्यंत कळ काढायची सवय या मंडळींना लागली नाही. काँग्रेसमध्ये असताना होती, स्वतःच्या पक्षात सुटली. तुमच्या वडिलांना हे वाचून राग आला असता, पण सेवा दलातल्या माणसांशी वाद घालण्यात एक सुख असतं. ती ऐकून घेतात.

प्रश्न : जय भीम ताई. रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते मोजणंही आम्ही सोडून दिलं. बाहेरचे लोक हसतात आणि आमच्या नेत्यांच्या अहंकारावर खापर फोडतात. तुम्हाला काय वाटतं?
— बँक कर्मचारी, नागपूर

जय भीम. हसणाऱ्यांना पहिली फूट कशावरून झाली ते विचारा, एकालाही सांगता येणार नाही.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. पक्ष स्थापन झाला ३ ऑक्टोबर १९५७ ला, तुमच्याच नागपुरात. ज्याच्या शब्दाने सगळे वाद मिटायचे तो माणूस पक्ष जन्माला येण्याआधीच नव्हता. तरी सुरुवात मोठी होती. १९५७ च्या लोकसभेत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बॅरिस्टर-वकिलांच्या पिढीचे बी. सी. कांबळे कोपरगावमधून निवडून गेले होते. शेजारशेजारच्या मतदारसंघांतले हे दोन खासदार, आणि दोन वर्षांत पक्षाच्या दोन फळ्यांचे पुढारी. गायकवाडांचं म्हणणं : आपला माणूस खेड्यात भूमिहीन आहे, तेव्हा जमिनीसाठी लढा, आणि त्या लढ्यात कम्युनिस्ट बरोबर आले तर येऊ द्या. कांबळ्यांचं म्हणणं : बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा, कायद्याचा, कम्युनिस्टांच्या संगतीत तो सुटेल. कांबळ्यांचा गट ‘दुरुस्त’ म्हणवला गेला, गायकवाडांचा ‘नादुरुस्त’. लोक धोतरवाले आणि पँटवाले असंही म्हणायचे.

यात अहंकार नव्हता असं नाही, पण प्रश्न खरा होता. शिकून शहरात आलेल्या माणसाला नोकरी आणि संरक्षण हवं होतं, गावात राहिलेल्याला गायरानाचा तुकडा. दोघंही बाबासाहेबांचीच वाक्यं काढून दाखवू शकत होते, कारण बाबासाहेबांनी दोन्ही केलं होतं. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि १९६४-६५ चा देशभरचा सत्याग्रह हे गायकवाडांच्या बाजूचं सर्वांत मोठं काम. लोक बायकापोरांसह तुरुंगात गेले. एवढ्या खऱ्या प्रश्नावर झालेल्या फुटीला ‘भाऊबंदकी’ म्हणणं मला पटत नाही.

पुढच्या फुटी मात्र त्या दर्जाच्या नाहीत, हेही लिहिते. लहान पक्ष मोठ्या पक्षाशी युती करतो तेव्हा त्याच्या वाट्याला दोनचार जागा येतात, आणि मोठ्या पक्षाला त्या जागा कुणा एकाला देऊन बाकीच्यांना नाराज ठेवणं सोयीचं पडतं. गट जितके जास्त, तितकी बोलणी स्वस्त. याउलट १९९८ आठवा. सगळे एकत्र, काँग्रेसशी समझोता, आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे असे चौघंही खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. राखीव नव्हे, खुल्या! केंद्रातलं सरकार वर्षभरात पडलं, १९९९ च्या निवडणुकीपर्यंत वाटा पुन्हा वेगळ्या. त्या चौघांपैकी कुणाचं चुकलं यावर मी मत देणार नाही. मोठ्या पक्षांची वागणूक मात्र तपासा. खुल्या जागांवरून चार खासदार देणारी एकी टिकवण्यात त्यांना रस किती होता?

प्रश्न : पक्ष फुटला की चिन्ह कुणाला, हे ठरवण्याचा नियम काय? शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या वेळी काहीच कळलं नाही.
— इंजिनीअर, पुणे (सध्या दुबई)

नियम १९६८ चा आहे, निवडणूक चिन्हांचा आदेश, त्यातला पंधरावा परिच्छेद. निवडणूक आयोग तीन गोष्टी बघतो : पक्षाची उद्दिष्टं कोण पाळतंय, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण चालतंय, आणि बहुमत कुणाकडे. पहिल्यातून सहसा काही निघत नाही, कारण दोघंही पाळतो म्हणतात. माझ्या दोन पत्रांसारखंच. पहिला मोठा खटला १९६९ च्या काँग्रेसचा. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये बहुमताची कसोटी न्यायालयाने उचलून धरली. दरम्यान बैलजोडी गोठली होती, इंदिराबाईंनी गायवासरू घेतलं.

शिवसेनेच्या वेळी आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला निकाल दिला. पक्षाच्या २०१८ सालच्या घटनेवर विसंबता येत नाही, ती लोकशाही पद्धतीची नाही, असं म्हणून त्याने आमदार-खासदार मोजले : ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंद्यांकडे. नाव आणि धनुष्यबाण तिकडे गेले. राष्ट्रवादीचा निकाल ६ फेब्रुवारी २०२४ चा, तोही आमदारांच्या संख्येवरच अजित पवारांकडे.

पक्षाची घटना कपाटात पडलेला कागद आहे असं समजणाऱ्या सगळ्यांनी हे दोन निकाल वाचावेत. शाखेत खुर्च्या मांडणारा, वर्गणी काढणारा, चाळीस वर्षं बॅनर लावणारा माणूस या मोजणीत कुठेच येत नाही, कारण त्याची निवड कधी कुठल्या मतदानाने झालीच नाही. नेमणुका वरून व्हायच्या. नेमलेल्यांचं बहुमत आयोगाने का मोजावं, हा प्रश्न कडू आहे, पण वाजवी आहे.

दुसरी बाजू पक्षांतरबंदीची. १९८५ चा कायदा आला तेव्हा एक-तृतीयांश आमदार घेऊन फुटता येत होतं. २००३ च्या दुरुस्तीने ती वाट काढून टाकली. आता दोन-तृतीयांश घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन व्हा, नाही तर ‘आम्हीच मूळ पक्ष’ असं सांगा. व्हिप म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश. त्याविरुद्ध एका विधेयकावरही मत देता येत नाही, म्हणून आमदार मतभेद बोलत नाहीत, साठवतात. शिवसेनेच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं की व्हिप नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. पण राजकीय पक्ष कोण, हे ठरवायचं काम विधानसभेच्या अध्यक्षांकडेच गेलं, आणि १० जानेवारी २०२४ ला त्यांनी पुन्हा आमदारांच्या बहुमताकडेच बोट दाखवलं. फिरून भोपळे चौकात.

प्रश्न : बाई, मी महिला राखीव जागेवरून निवडून आलेली सदस्य. गेल्या वेळी सभापतीच्या निवडीला एकाच पक्षाचे दोन व्हिप माझ्या हातात आले, एक दुपारी, एक रात्री दारात. मिस्टर म्हणाले, एकाचं ऐक. सासरे म्हणाले, दुसऱ्याचं. पुढच्या वेळी काय करू?
— नाव नको, पंढरपूर तालुका

मिस्टर आणि सासरे दोघांनाही चहा द्या आणि कागद बघा. स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राचा वेगळा अपात्रता कायदा आहे, १९८६ चा. निवडणुकीनंतर पक्षाच्या सदस्यांची गटनोंदणी होते. झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्या नोंदीत गटनेता म्हणून कुणाचं नाव आहे ते आधी बघा, नक्कल मागून घ्या. गटनेता बदलल्याचं कुणी सांगत असेल तर बदलाची नोंद झाल्याचा कागद मागा. ‘वरून ठरलंय’ हा कागद नव्हे.

दोन्ही व्हिप जपून ठेवा. कुणी दिला, किती वाजता दिला, तुम्ही सही केली की दाराला चिकटवला, हे त्याच दिवशी वहीत लिहा. अशा खटल्यांत निम्मा वाद व्हिप पोचला की नाही यावरच चालतो. आणि पूर्वपरवानगीशिवाय व्हिपविरुद्ध मत गेलंच, तर पक्षाला पंधरा दिवसांत ते माफ करता येतं. पण ही माफी लेखी घ्या. तुमच्या तालुक्यातला एखादा चांगला वकीलही गाठा, मी वकील नाही. कुणाचं ऐकायचं हे मात्र तुमच्या वॉर्डातल्या बायकांना विचारा. मतं त्यांनी दिलीत, सासऱ्यांनी एकच दिलंय.

प्रश्न : पक्ष जिंकल्यावर का फुटतो? हरल्यावर फुटला तर समजू शकतो.
— वाचक, म्हापसा

तुम्हाला गोव्याचंच उदाहरण पुरे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, विलीनीकरणाच्या विरोधातली बाजू जिंकली. त्या बाजूचा युनायटेड गोअन्स पक्ष मार्चच्या विधानसभा निवडणुकीला उतरला तो सिक्वेरा गट आणि फुर्तादो गट होऊन, आणि हरलेल्या बाजूच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगोप) भाऊसाहेब बांदोडकरांसह पुन्हा सत्ता घेतली. ज्या एका प्रश्नावर माणसं जमली होती तो सुटला की ती आपापल्या जुन्या भांडणांकडे परततात.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका पक्षाची सभासद व्हावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात गटबाजीत नासशील. होऊ का?
— विद्यार्थिनी, जळगाव

व्हा. पण पावती स्वतः फाडा, म्हणजे स्वतःचे पैसे देऊन स्वतःच्या नावाने घ्या. हे का सांगते ते ऐका. सभासद नोंदणीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या कचेरीत पावतीपुस्तकांचे गठ्ठे यायचे. एकाच शाईत, एकाच अक्षरात, पानामागून पान. नावं मतदारयादीच्या क्रमाने, घर नंबरासकट. वर्गणी गटाच्या पुढाऱ्याने एकरकमी भरलेली. एकदा एका पानावर मला आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांचं नाव दिसलं, ज्यांचं वर्षश्राद्ध मी जेवून आले होते. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, ‘बाई, निष्ठावंत होते ते.’

अशा गठ्ठ्यांवर क्रियाशील सभासद ठरतात, त्यांच्यावर तालुका समिती, तिच्यावर जिल्हा. ज्याची पुस्तकं जास्त त्याचा गट मोठा. तुम्ही आणि तुमच्यासारख्या वीस मुलींनी खऱ्या पावत्या घेतल्या आणि तालुक्याच्या बैठकीत, मुलींच्या वसतिगृहाचा किंवा एस.टी.च्या फेऱ्यांचा का होईना, एक ठराव मांडून मत मागितलं, तर दोन्ही गटांची पंचाईत होईल, कारण तुमची नावं कुणाच्याच पुस्तकात नसतील. ठराव बहुधा पडेल. इतिवृत्तात तो नोंदला जातोय ना, एवढं बघा. न पडलेला ठराव सगळेच लिहितात, पडलेला लिहायला विसरतात. मीही सांगितल्याशिवाय टाइप करत नसे. घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

पुढच्या अंकात सहकारी संस्थांच्या निवडणुकांवरचे प्रश्न घेते. त्यावरची पत्रं आताच ढीगभर आहेत, तेव्हा नवी पाठवताना संस्थेचं नाव लिहू नका, फक्त दूध, पतपेढी की कारखाना एवढं कळवा. जालन्याच्या ज्या वाचकांनी उत्तरासाठी पाकीट पाठवलंय, त्यांनी स्वतःचा पिनकोड घालायचा राहिलाय.